एका शब्दाची परवानगी

माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला तो सकाळी, स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि गॅस कोणी बंद करत नव्हतं, म्हणून मी पाहायला गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात खाली लोंबत होता. माझ्याकडे बघून ती काहीतरी सांगत होती. आवाज येत होता, पण त्यात शब्द नव्हते.

मी रेल्वेच्या सिग्नल विभागात तंत्रज्ञ आहे. वडील वर्ध्याकडच्या खेड्यातून रेल्वेच्याच नोकरीवर रायपूरला आले आणि आम्ही तिथल्या गुढियारी वस्तीचे झालो. बायको तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. विहारात वंदना तीच सांगायची, बाकीचे तिच्यामागे म्हणायचे. तिच्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

दवाखान्यात जीव वाचला. पुढे पायातही ताकद आली, भिंतीला धरून ती न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. बोलणं मात्र गेलं. तीन महिन्यांनी तिच्याजवळ एकच शब्द होता, हव. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. शाळेतल्या लेकरांशी बोलून बोलून तो तिच्या तोंडात बसला होता. चहा पाहिजे? हव. नको का चहा? हव. आज वार कोणता? हव. कधी तिचं तिलाच कळायचं की आपण भलतंच बोललो. मग ती डोळे घट्ट मिटायची, ओठ जुळवायची, जोर लावायची, आणि पुन्हा तेच बाहेर पडायचं.

समता कॉलनीत एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. आठवड्यातून दोनदा मी बायकोला ऑटोतून तिथे न्यायचो. बाई चित्रांची कार्डं दाखवायच्या, गाय, चमचा, छत्री. घरी रोज अर्धा तास घ्या म्हणायच्या. मी घ्यायचो. आठ-दहा दिवसांनी माझा धीर सुटू लागला. मुलीचा नाही सुटला. ती शंकर नगरात एका ऑफिसात कामाला आहे, संध्याकाळी थकून यायची आणि तरी आईसमोर कार्डं मांडून बसायची. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. आईला हिंदी आता कमी समजतं असं आमच्या लक्षात आलं तेव्हा ती अडखळत मराठी बोलू लागली, फक्त आईशी.

तो गट मला मोबाइलवर सापडला. मेंदूला बारीकसा विजेचा प्रवाह देणारं यंत्र घरच्या घरी बनवणाऱ्या लोकांचा. ओल्या स्पंजाचे दोन तुकडे डोक्याला लावायचे, मध्ये एक डबी, डबीत बॅटरी. यंत्राच्या जोडणीचे नकाशे सगळ्यांसाठी उघडे. कोणीही घ्यावा, सुधारावा, परत टाकावा. कोणी उदासीसाठी करत होता, कोणी अभ्यासात लक्ष लागावं म्हणून, कोणी जुन्या दुखण्यासाठी. झटक्यानंतरच्या बोलण्यावरही तिथे एक वेगळं पान होतं. इंग्रजी वाचताना मला वेळ लागतो, तरी ते पान मी एका बैठकीत संपवलं.

बायकोच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होता है ये, बड़े अस्पतालों में, जाँच-परख के साथ। घर पे मत करिए।" त्यांच्या बोलण्यातलं "होता है" एवढंच मी घरी घेऊन आलो.

सुरुवातीला मी गटात नुसता वाचत असे. मग एकाच्या डबीत प्रवाह मध्येच उसळी मारतो अशी तक्रार आली. वीस-बावीस वर्षं सिग्नलच्या रिले आणि वायरी हाताळलेला माणूस मी, मला ते चित्र पाहूनच कळलं. उसळी अडवणाऱ्या एका छोट्या भागाचं चित्र काढून मी गटात टाकलं. दोन दिवसांत पंधरा-वीस जणांनी तो भाग बनवून पाहिला. परदेशातल्या कोणीतरी आभार मानले. गटात एक बाई होत्या, दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करणाऱ्या, दुसऱ्या राज्यातल्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. त्यांनी माझा भाग मुख्य नकाशात घेतला. घरात मला जे प्रश्न पडत होते त्यांतल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिथे मला लोक विचारत होते आणि मला सांगता येत होतं. ड्युटीवरून आलो की आधी चप्पल काढायचो की आधी मोबाइल उघडायचो, ते आता मला नीट सांगता यायचं नाही.

गटाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक नियम होता. यंत्र फक्त स्वतःवर वापरा. तो दीदींनीच लिहिला होता. मी तो वाचला होता.

मीही आधी स्वतःवरच लावलं, दोन आठवडे. मुंग्या यायच्या, बाकी काही नाही. मग एका दुपारी बायकोला खुर्चीत बसवलं आणि डबी दाखवली. म्हटलं, "हे पाह्य, यानं तुले बोलता येईन. डोक्याले लावतो, जराशा मुंग्या येतात. लावू काय?"

ती डबीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हव."

गटात मी लिहिलं की घरातल्या एका व्यक्तीवर चालू केलं आहे. दीदींचा फक्त मला वेगळा निरोप आला. त्या व्यक्तीला विचारलं का, आणि नको म्हणता येईल अशा स्थितीत ती आहे का? मी लिहिलं, विचारलं, हो म्हणाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

रोज चारच्या सुमारास आमचं बसणं व्हायचं. स्पंज धरून ठेवणारा पट्टा तिच्या डोक्याला बांधायचा, डबी चालू करायची, कार्डं समोर धरायची. दोन आठवड्यांत फरक नाही. मग एके दिवशी कंटाळून मी कार्डं बाजूला ठेवली आणि हळू आवाजात वंदना म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. तिसरीला तो पुढे गेला. त्रिसरण, पंचशील, सगळं, एकही शब्द न गाळता, तिच्या जुन्या लयीत. मी थांबलो तरी ती थांबली नाही. वंदना संपली. मी म्हटलं, "आता बोल. काहीतरी बोल." ती म्हणाली, "हव."

संध्याकाळी मुलीला ऐकवलं. ती दारातच बसून रडली. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही. मी गटात सविस्तर लिहिलं. एवढे अभिनंदनाचे निरोप मला आयुष्यात कधी आले नव्हते. लोक विचारू लागले, किती वेळ लावता, कुठे लावता. मी वेळ वाढवला. दिवसातून एकदाचं दोनदा केलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याच मनाने.

मे महिना होता. कूलर समोर घरघरत होता आणि त्या कोरड्या वाऱ्यात स्पंज लवकर सुकत होते. सुकलेल्या स्पंजाने कातडी भाजते, हे गटात दहा ठिकाणी लिहिलेलं होतं. मी स्वतः एका नव्या माणसाला ते समजावून सांगितलं होतं. त्या दुपारी पट्टा बांधून मी मोबाइल घेऊन शेजारी बसलो. कोणीतरी माझ्या भागाबद्दल काही विचारलं होतं, त्याला मी उत्तर लिहून राहिलो होतो. बायकोने डावा हात पट्ट्याकडे नेला. मला वाटलं खाज सुटली असेल. मी तो हात धरून मांडीवर ठेवला. तिने पुन्हा नेला.

"दुखून राहिलं काय?" मी विचारलं.

"हव."

"पाचच मिनिटं. झालंच."

"हव," ती म्हणाली. "हव, हव." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तर झटक्यापासून कशानेही यायचं.

पाच मिनिटांनी मी पट्टा सोडला. डाव्या कानाच्या वरचा स्पंज निघेना. ओढला तर खालची कातडी त्याच्याबरोबर आली. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, मधोमध पांढरी पडलेली. बायको ओरडली नाही. तिने मान भिंतीकडे वळवली.

मुलगी आली तेव्हा मी जखमेवर ओला रुमाल धरून बसलो होतो. तिने रुमाल उचलून पाहिलं. मग डबीकडे पाहिलं.

"आपने मम्मी से पूछा था?"

"इचारलं होतं. दुखते काय म्हणून इचारलं होतं."

"और मम्मी ने क्या कहा?"

मी रुमाल बाजूला ठेवला. तिने पर्स खांद्यावरून काढलीच नव्हती. आईचा हात धरून ती तशीच बाहेर पडली आणि ऑटो बोलावली. मी मागे मागे गेलो.

डॉक्टरांनी जखम धुतली. कशाने झालं ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत. सगळं कागदावर लिहून घेतलं आणि मला म्हणाले, "आप बाहर बैठिए।" जखम खोल होती, भरायला सव्वा महिना लागला. तिथे आता केस येत नाहीत.

वाचा-उपचाराच्या बाईंना मी वंदनेचं सांगितलं. यंत्राने निदान तेवढं तरी दिलं, असं मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, "पाठ असलेलं असं बऱ्याच पेशंटना येतं. अंक येतात, आरत्या येतात, शिव्यासुद्धा येतात. मेंदूत त्याची वाट वेगळी असते. तुम्ही याआधी तिच्यासोबत वंदना म्हणून पाहिली होती का?"

नव्हती पाहिली. झटक्यापासून आमच्या घरात वंदना झालीच नव्हती. ती सांगायची, म्हणून आम्ही म्हणायचो. ती गप्प झाली आणि आम्ही सगळेच गप्प झालो. पहिल्याच आठवड्यात तिच्याजवळ बसून सुरू केली असती, तर ती तेव्हाही म्हणाली असती.

मी गटात सगळं खरं लिहिलं. स्पंज सुकल्याचं, मी मोबाइलमध्ये होतो त्याचं, आणि हव या शब्दाचंही. ती व्यक्ती माझी बायको आहे आणि तिला दुसरा शब्द येत नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. बऱ्याच जणांनी सांत्वन केलं. एकाने लिहिलं की नकाशात दोष नव्हता, ही गोष्ट नोंदवून ठेवावी. ते खरं होतं. दीदींनी एकच ओळ लिहिली, तुम्ही मला सांगितलं होतं की ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावरच्या नियमाखाली नवी ओळ आली. ज्याला थांबवा म्हणता येत नाही त्याच्यावर हे यंत्र कधीही लावू नये. माझा भाग मात्र अजून मुख्य नकाशात आहे. मी गट सोडला. डबी उघडून तिचे तुकडे केले. वायरी कापताना काही हलकं वाटलं नाही.

बायकोला आता माझ्या हाताची धास्ती आहे. जेवण भरवतो ते चालतं. पण हात खांद्याच्या वर गेला की ती अंग आखडते. तिचे केस मुलगी धुते, मुलगी विंचरते.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. मुलीला ऑफिसची घाई होती. मी तेलाची बाटली घेऊन बायकोच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, "मी लावून देऊ काय तेल?" तिने मान फिरवली, डावा हात वर केला, ओठ जुळवले. बराच वेळ लागला.

"न... नको."

मुलगी दारातून धावत आत आली. "मम्मी, परत बोल." तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला होता. बायको माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, या वेळी न अडखळता, नको.

बाईंना फोन करून सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. पाठ केलेला नाही, स्वतःचा शब्द आहे, म्हणाल्या, हे फार चांगलं लक्षण आहे. कोणत्या वेळी म्हणाली, कशासाठी म्हणाली, ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. मी सगळं सांगितलं. तेलाची बाटली मुलीच्या हातात दिली आणि ड्युटीवर गेलो.