सुलटं मडकं

कासूच्या शाळेत मी तेहेतीस वर्षं मास्तरकी केली, पण गावात मला ओळखतात ते पोपटीमुळे. मी शिकवलेलं गणित पोरं विसरली, माझी पोपटी कुणी विसरलं नाही. थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या कडेला मडकं लावायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं उलटं करून, तोंड जमिनीकडे, असं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून जाळ करायचा. आतल्या वाफेवर शेंगा शिजतात. मडकं उलटं ठेवायचं हे आमच्याकडे कालच्या पोरालाही ठाऊक असतं. हे लक्षात असू द्या.

भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं, उग्र वासाचं रोपटं. माझा मेहुणा मुंबईहून यायचा आणि त्या वासानं शिंकत सुटायचा. मी वर्षानुवर्षं त्याची टर उडवली. "भांबुर्ड्याला शिंकतो तो कसला रायगडचा," असं चारचौघांत म्हणायचो. देव सगळं ऐकत असतो, फक्त सवडीनं उत्तर देतो. यंदा पहिल्याच पोपटीला पाला हातात घेतला आणि मला ओळीनं अकरा शिंका आल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "धूर गेला," मी म्हणालो. जाळ अजून पेटवलाच नव्हता, पण मास्तरला विचारणार कोण.

गावात ही गोष्ट फुटली असती तर मेहुण्यानं मुंबईहून खास येऊन पेढे वाटले असते. म्हणून मी गुपचूप पेणला गेलो आणि रामवाडीतल्या एका मेडिकलमधून शिंकांची गोळी आणली. बारकी, पिवळी, दिसायला अगदी गरीब. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पोपटी असेल त्या दिवशी दोन जास्त, हा हिशोब माझा मीच ठरवला. पाकीट चष्म्याच्या घरात लपवलं. शिंका थांबल्या. मी पुन्हा मानेनं ताठ झालो.

बाकीचं मात्र सगळं ढिलं पडत गेलं. तोंड असं कोरडं पडायचं की भाकरीचा घास फिरेना. पेपर वाचायला घेतला की अक्षरं पळायची. बाथरूममध्ये तर विचारू नका. उभं राहून मी एकोणतीसचा पाढा म्हणायचो, तो संपायचा, तरी काम होत नसे. बाहेरून ही विचारायची, "अहो, झोपलात का आत?" एकदा खरंच झोपलो होतो, भिंतीला डोकं टेकून. हे सगळं वयामुळे होतंय असं मी धरून चाललो. सत्तरी उलटलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीसाठी हे एक कारण बरं सापडतं.

एकदा पेणहून परत येताना गाडीत बसलो आणि कासूला उतरायच्या ऐवजी डोळे उघडले ते थेट रोह्याला. गाडी तिथंच संपते म्हणून बरं. रोह्यात मुलगा राहतो, तिथल्याच कंपनीत कामाला आहे. त्याला फोन केला आणि म्हटलं, "तुला भेटायला आलो, सहज." तो शिफ्ट सोडून बाईक घेऊन आला. माझ्या हातात पेणला घेतलेली खडूची पेटी होती. रिटायर होऊन बारा वर्षं झालेला माणूस खडू कशाला घेतो, हे त्यानं विचारलं नाही. मला आठवतच नव्हतं, तेव्हा विचारलं नाही ते चांगलंच झालं.

मग ती पोपटी झाली. मुलानं कंपनीतली सात-आठ माणसं आणली होती. "आमच्या बाबांसारखी पोपटी अख्ख्या तालुक्यात नाय," असं सांगून आणली होती. मडकं लावताना मला जवळ कुणी लागत नाही, हा माझा जुना नियम. सगळे सतरंजीवर गप्पा मारत बसले. उन्हं उतरायला आली होती. मी सकाळपासून चार गोळ्या घेतल्या होत्या. पाला भरला, शेंगा भरल्या, मडकं ठेवलं, पेंढा रचला, काडी लावली आणि तिथंच बसल्या बसल्या पेंगलो. शेजारीण कुंपणापलीकडून हिला म्हणाली, "गो, मास्तरांचं मडकं बघ. आभाळाकडं तोंड करून बसलंय."

मी मडकं सुलटं ठेवलं होतं. तोंडाचा पाला जळून गेलेला, वाफ सगळी उडून गेलेली, वरच्या शेंगा कोळसा आणि खालच्या कच्च्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मुलगा पाहुण्यांना म्हणाला, "चला, नाक्यावर मिसळ खाऊ." मला इतकी लाज वाटली की घरी येऊन मी हिच्यावरच ओरडलो, मीठ कमी दिलंस म्हणून.

त्या दिवसानंतर घरात कुजबूज सुरू झाली. मी खोलीत आलो की बोलणं थांबायचं. शेवटी मुलानं सांगितलं. "बाबा, शिमगा झाला की घर बंद करू. तुम्ही दोघं रोह्याला चला. स्कूटरची चावी माझ्याकडे द्या." मी हिच्याकडे बघितलं. जिला परसातल्या वालाच्या वेलांशी सकाळी बोलल्याशिवाय चहा जात नाही, ती बाई मान खाली घालून म्हणाली, "मी हो म्हटलंय." मला एवढंच कळलं की घर चाललं, आणि ते माझ्यापायी.

मुलगा आम्हाला पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, गोळ्या कुठल्या घेता. मी म्हटलं, फक्त प्रेशरची. खोटं बोललो असं मला वाटलंसुद्धा नाही. चिठ्ठीशिवाय मिळते ती गोळी काय औषध असते? ती आपली चॉकलेटसारखी. मग त्या म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा. मास्तरला वजाबाकी विचारतात. माझं डोकं तापलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, असं मी तोऱ्यात म्हणालो, आणि एकोणऐंशीच्या आधी खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा ही माझा हात धरून बसली होती. बाईंनी रक्ताच्या आणि डोक्याच्या तपासण्या लिहून दिल्या.

आठवड्यानं रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो. मुलगा नंबर लावत होता, ही पाण्याची बाटली भरायला गेली होती. मी बाकावर बसलो होतो. सकाळच्या गडबडीत गोळी राहिली होती, म्हणून शिंक आली. रुमालासाठी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी बाहेर आली. हिचं अक्षर. वर मुलाचा फोन नंबर, आणि खाली लिहिलेलं:

"यांना हल्ली विसरायला होतं. कासू स्टेशनला उतरवून द्यावं. रागावतील, पण मनानं चांगले आहेत. आधी चहा द्यावा, साखर कमी. मग ऐकतात."

मी ती दोनदा वाचली. ही बाई रोज सकाळी माझ्या खिशात रुमाल ठेवते. म्हणजे रोज, मी हरवणार असं धरून, ती ही चिठ्ठी खिशात ठेवत होती आणि वर मला हसून टाटा करत होती. मला रडू आलं. भांबुर्डा नव्हता, धूर नव्हता, सबब नव्हती.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "यात तर काही सापडत नाही, काका." मी चष्म्याचं घर उघडलं आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे सापडतंय का बघा," म्हटलं. कधीपासून, किती, कशासाठी, सगळं सांगितलं. भांबुर्ड्याचं सांगताना आवाज जरा खाली गेला. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तरुणाला या गोळीनं नुसती झोप येते, पण तुमच्या वयात ती डोक्यात धुकं आणते, लघवी अडवते, तोंड सुकवते. आजपासून बंद. नाकात मारायचा एक फवारा दिला आणि पाल्यापासून लांब राहायला सांगितलं.

मुलगा उठून बाहेर गेला. मी मागून गेलो तर जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता. "मी तुमची खोली रंगवून घेतली, बाबा," तो म्हणाला. "हे सगळं एका शिंकेसाठी, बाबा?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा मोठा झाल्यापासून फिरवला नव्हता.

ही मात्र पेण ते कासू तोंड फिरवून खिडकीशी बसली. स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, "माझ्या भावाला फोन मी करणार." केला, आणि स्पीकरवर केला. तो इतका हसला की शेजारीणसुद्धा ऐकायला आली.

चार-सहा दिवसांत धुकं उतरलं. एकोणतीसचा पाढा आता निम्मासुद्धा लागत नाही. स्कूटरची चावी परत मिळाली, शिमगा आमच्याच अंगणात झाला. मोसमाची शेवटची पोपटी हिनं लावली. मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून, तोंडाला फडकं बांधून हुकूम सोडत होतो. मडकं दोन्ही हातांत धरून ही सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मास्तर, उलटं की सुलटं?" त्या दिवशी सगळे हसले. शेंगा सुरेख झाल्या होत्या. माझ्याइतक्या नाही, पण सुरेख.

चिठ्ठी मी तिला परत दिली. म्हटलं, "आता हिचं काय काम?" ती चिठ्ठी घेऊन चुलीपाशी गेली, वाटलं जाळते आहे. पण पेन शोधत होती. तिनं "विसरायला होतं" खोडलं, त्यावर "भांबुर्ड्यापासून लांब ठेवावं" लिहिलं, आणि चिठ्ठी पुन्हा माझ्या खिशात घातली. "असू दे," म्हणाली, "पुढचं कुणी बघितलंय." मी ती काढून वाचली. चहाची ओळ तिनं तशीच ठेवली होती.