अक्काच्या नावाची पाणपोई

ज्या दिराने माझ्या अक्काला पाणी विकलं, त्याने आज उदगीरला तिच्या नावाने मोफत पाणपोई उघडली.

अक्काला जाऊन आज वर्ष झालं.

फ्लेक्सवर अक्का पासपोर्ट साइज. शेजारी हात जोडलेला बसूभाऊ, तिचा धाकटा दीर, दारातून आत मावला नसता एवढा मोठा. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, तर साहेब आत्ताच जिल्ह्याचे नेते झालेत.

मागच्या दुष्काळात ह्याचे टँकर चालायचे. सख्ख्या भावाच्या दारातही आधी फोनवर पैसे, मग पाइप. भाव बाजाराचाच.

दाजी म्हणायचे, "भाऊच हाय, काय बोलावं."

अक्का गणिताची बाई. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवायची आणि बजेटच्या ॲपमध्ये चढवायची.

सासरचं आडनाव दिसलं की ॲप ती रक्कम आपोआप 'कुटुंब' कॅटेगरीत टाकायचं. अक्का टँकरची एकेक एन्ट्री उचलून 'पाणी'मध्ये ठेवायची.

मी म्हटलं, "टोटल तर तीच येते ना. कशाला डोकेफोड?"

"येऊ दे की. मला खोटं दिसतंय ते."

दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या आठवड्यात एकदा पेमेंट अडकलं. बसूभाऊने भरलेला टँकर दारातून परत नेला.

स्टेटमेंटमध्ये त्या दिवशीच्या दोन ओळी आहेत. पैसे गेले, पैसे परत आले. टँकर परत गेला त्याची ओळ बँक देत नाही.

त्या दिवशी अक्काने शेजारणीकडून दोन घागरी मागून आणवल्या. उभं राहता येत नव्हतं तिला.

आज माईकवर बसूभाऊ म्हणाला, "ताई, तुमी बी दोन शब्द बोला. वहिनीसाठी आमी काय केलं, लोकायला कळू द्या."

बरं म्हटलं.

अक्काचं ॲप माझ्या फोनमध्ये आहे. 'पाणी' उघडलं आणि वाचत गेले. तारीख, रक्कम, बसूभाऊचं नाव. तारीख, रक्कम, बसूभाऊचं नाव.

एप्रिलच्या नोंदी वाचून होईपर्यंत माईक बंद झाला होता. मग मोठ्याने वाचलं. मीही मास्तरीणच आहे, आवाजाची कमी नाही.

"ताई, हे घरातलं हाय. घरात बोलू."

"घरात बोलायला अक्का राहिली नाही."

मग दाजी उठले. भावापुढे कधी शब्द न काढलेला माणूस. स्टुलावर चढले, फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या आणि गुंडाळी माझ्या हातात दिली.

"घेऊन जा," म्हणाले. "हितं नगं तिचं नाव."

आता नांदेडच्या बसमध्ये आहे. फ्लेक्स मांडीवर आहे.

पाणपोई चालू राहू दे, उन्हाळा आहे, लोकांना तहान लागते.

बसूभाऊ, तुला टॅग केलंय. स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाकलेत. मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

अक्का, हात जोडते. शरणु शरणार्थी.