टीव्हीवर टाकलेल्या अक्षता
काल टीव्हीचा बॉक्स पुसताना खाचेत हळद लावलेले ज्वारीचे दोन दाणे सापडले. मागे भोकरला पुतणीचं लग्न होतं तेव्हा खाटेला खिळलेल्या दादांपाशी, म्हणजे वडिलांपाशी, नांदेडला मी न् आई थांबलो होतो. लग्न इंटरनेटवरून टीव्हीवर दिसणार होतं, पण पडद्यावर नेटवर्कच नव्हतं. "राहू दे, मुहूर्त टळून राहिला," दादा म्हणाले. "न्हाई टळत," म्हणत मी नेटच्या वायरीचा माग धरून गच्चीवर गेलो. आईनं त्या वायरीवरच ओल्या वाकळा वाळत घातल्या होत्या. "दोरी रिकामी दिसली," ती म्हणाली. ओझ्यानं वायर पिनमधून निसटली होती. शेजाऱ्याकडून पिन बसवायचा चिमटा न् नवी पिन आणून दाबली, चुकली, कापून पुन्हा दाबली. मंगलाष्टकं ऐकू आली तशा दादांनी पडल्यापडल्याच टीव्हीवर अक्षता टाकल्या. बॉक्स पुसून झाल्यावर ते दाणे मी परत खाचेतच ठेवले.