रिकाम्या लिफाफ्याची तामील

आमच्या ऑफिसात पंचशीला तायडे जावक बघायची आणि मी आवक. म्हणजे आत येणारा कागद माझ्या रजिस्टरमध्ये, बाहेर जाणारा तिच्या. पलासियाच्या मागच्या गल्लीतलं हे ऑफिस शहरभरच्या खबरा गोळा करतं. कोण कुणाला भेटलं, कोण कुणाच्या वाईटावर आहे, सगळं आम्हाला कळतं. आमचं मात्र कुणाला काही कळता कामा नये. मी बावीस वर्षं इमानदारीनं गप्प बसलो. पंचशीलाही बसली होती. मग बाईचं डोकं फिरलं, असं साहेब म्हणतात. मला विचाराल तर आमच्यात तिचंच तेवढं ठिकाणावर होतं.

बाई महूची. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि आवाज दोघांचा मिळून हिला आलेला. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात तिला दबकून राहायला शिकायचा.

मागच्या डिसेंबरात एका खबऱ्यानं बातमी आणली. कृष्णराव टोकेकर नावाचे एक म्हातारे गृहस्थ, राजवाड्याजवळ एकटे राहणारे, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सिमरोलचं जुनं तळं बुजवून एक बिल्डर प्लॉट पाडत होता आणि ते तळं सरकारी आहे हे सांगणारे नकाशे फक्त कृष्णरावांना वाचता येत होते. एकोणीस तारखेला, गुरुवारी, तिथे सरकारी मोजणी होती. त्या दिवशी सिमरोलच्या रस्त्यावर त्यांच्या स्कूटरला ट्रकनं उडवायचं ठरलं होतं.

ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला कळवायचं, हा आमच्याकडे नियम आहे. त्याप्रमाणे इशाऱ्याचा कागद निघाला, पंचशीलानं त्यावर जावक क्रमांक टाकला आणि तो पोलीस चौकीकडे गेला. सोमवारी तोच कागद परत आला. सोबत शेरा: घर बंद, तामील झाली.

तामील म्हणजे ज्याचा कागद त्याला पोचता करणं. घर बंद असलं तर दारावर चिकटवायचा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. कृष्णराव मुलीकडे उज्जैनला गेले होते. पण कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का. गोपनीय कागद दारावर कसा लावणार? मग चौकीच्या शिपायानं आपल्या परीनं मार्ग काढला. कागद काढून घेतला, रिकामा लिफाफा दारावर चिकटवला, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. नियम पाळला गेला, गुप्तताही राखली गेली. फक्त म्हाताऱ्याला काही कळलं नाही.

पंचशीला तो कागद घेऊन थेट आमच्या साहेबांच्या, अश्विन सरांच्या खोलीत शिरली. मी दाराशीच होतो.

“सर, लिफाफा खाली होता!”

“मॅडम, कॉन्फिडेन्शियल आहे ना. कोणी पढला असता तर?”

“ज्याला पढायचा होता त्यानं पण नाही पढला!”

“तामील झाली, वर रिपोर्ट गेली. आपलं काम संपलं. आणि जास्त बोललो तर आपला सोर्स मरेल, समजलं?”

सोर्स म्हणजे खबऱ्या. सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मलाही मान्य आहे. पण खबऱ्याचं नाव न घेता म्हाताऱ्याला सावध करता येतं, एवढी अक्कल आमच्या अख्ख्या ऑफिसात एका जावक क्लार्कलाच असावी, याची मला आजही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. “यशोधन भिया, स्कूटर काढा. राजवाड्याला जायचंय.”

“पंचशीलाजी, नोकरी जाईल.”

“तीन साल पहले एका मुलीचा असाच कागद गेला होता. नंबर मीच टाकला होता. चौथ्या दिवशी पेपरात तिचा फोटो. मी डबा खात होते, भिया. तो डबा अजून गळ्यातून उतरला नाही.”

मी स्कूटर काढली. माझी पाचावर धारण बसली होती, तरी काढली.

कृष्णराव आदल्याच दिवशी परतले होते. दारावरचा लिफाफा त्यांनी उघडून पाहिला होता आणि आत काहीच नाही म्हणून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पंचशीलानं पाणीसुद्धा घेतलं नाही. “काका, गुरुवारी सिमरोलच्या रस्त्यावर तुम्हाला ट्रकनं मारायचं ठरलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका. इथे सही करा, की तुम्हाला कळलं.”

म्हाताऱ्यानं चष्मा पुसून लावला. नीट सही केली. मग ते म्हणाले, “मोजणीला तर मी जाणार.”

“जा ना! घरात बसा असं कोण म्हणतंय? एकटे जाऊ नका, स्कूटरनं जाऊ नका. आणि आज कलेक्टरकडे लेखी अर्ज द्या, पावती घ्या.”

कृष्णराव गुरुवारी, त्यांना न्यायला आलेल्या सिमरोलच्या चाळीस बायकांनी भरलेल्या बसमधून गेले. ट्रक कुठे उभा होता की नाही, मला ठाऊक नाही. तळ्याची मोजणी झाली, खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि म्हातारा घरी येऊन जेवला.

पंचशीलाची चौकशी मात्र आठवड्याच्या आत लागली. कृष्णरावांच्या सहीचा कागद तिनंच फाइलला लावला होता. रजिस्टर दाखवायला म्हणून मला बोलावलं होतं. स्कूटर कुणाची होती हे तिनं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती माझी भीती होती, दुसरं काही नाही.

वरून आलेले मोठे साहेब शांत माणूस होते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘चूक झाली’ एवढं लिहून द्या, प्रकरण मिटवू, म्हणाले. पंचशीलानं कागद तसाच परत सरकवला.

मग अश्विन सर भडकले. “और सोर्स? तुमच्यामुळे तो मेला असता तर? त्याच्या जिवाला काही किंमत आहे की नाही?”

“आहे ना, सर,” पंचशीला उभी राहिली. “त्याच्या जिवाला धोका आहे असं तुम्हाला वाटतं, तर त्याला सांगितलं का?”

अश्विन सर फाइलमध्ये बघायला लागले.

“नाही सांगितलं,” पंचशीलानं पर्स खांद्याला लावली. “घर कुठे आहे त्याचं? पत्ता द्या, मी आत्ता जाते.”