बिनदोऱ्याचं मशीन

अन्याय झाला तो मीनावर. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या सोमवारी सकाळी, समुपदेशनाच्या खोलीच्या दारात. मीना हे तिचं खरं नाव नाही. बालगृहातल्या मुलीचं नाव छापता येत नाही. अकरा वर्षांची, मराठवाड्यातली. घरातच धोका होता म्हणून तिला मुद्दाम लांब, जुन्नरजवळच्या बालगृहात आणून ठेवलेलं. त्या सोमवारी खोलीत नोंदणीला बसलेल्या माणसानं तिचं आधार कार्ड पाहिलं, परत दिलं आणि म्हणाला, "बाहेरच्या जिल्ह्याची मुलं बंद. मूळ जिल्ह्यात न्या." तिचा हात धरून उभी होती ती रशीदाखाला, बालगृहाची गृहमाता. खाला महिन्यापूर्वी गेली. लेख तिच्यावर आहे, पण सुरुवात मीनापासून केली, कारण खालानं मला थांबवलंच असतं... "माझं ऱ्हाऊ दे गं, पोरीचं लिव्ह आधी."

बातमी आली तेव्हा मी मंचरला छापखान्यात आमच्या संघटनेच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. बालगृहातून फोन. सकाळी मुलींच्या वेण्या घालता घालता खालाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत सगळं संपलं. मी फोन ठेवला आणि उरलेलं प्रूफ तपासलं. दोन चुकाही काढल्या. पत्रकातल्या चुका मला लगेच दिसतात.

खाला जुन्नरची, शिंप्याच्या घरातली. नवरा गेल्यावर शिवणकाम शिकवायला म्हणून बालगृहात आली आणि तिथलीच झाली. बुटकी, तोंडाळ, पानाचा डबा कमरेला. मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय नेताबाई, आज कुनाला पाडताय?" मी मंचरजवळच्या कळंबकडून बस बदलून येते हे तिला माहीत, म्हणून आधी चहा, मग टोमणे. मीना आली तेव्हा बोलत नव्हती. कॉटखाली बसायची, ताट तिथंच सरकवावं लागायचं. तालुक्याला आठवड्यातून दोनदा समुपदेशक ताई यायच्या. मुलांच्या मानसिक उपचारांची सरकारी योजना एक कंपनी चालवते, तिनं नेमलेल्या. मीना त्यांच्याकडे जायला लागली. काही महिन्यांनी ती पंगतीत येऊन बसली. मग एकदा खालाला म्हणाली, "मीठ कमी हाय." खालानं ते मला चार वेळा सांगितलं असेल. "लई खारट डाळ व्हती राव ती, तरी मी वरनं मीठ घातलं."

आणि मग आम्ही आलो.

झालं असं, की डोंगरातल्या आहुप्याहून एक आई मुलाला घेऊन सकाळच्या एसटीनं त्या ताईंकडे आली, दिवसभर बसली आणि नंबर न लागताच परत गेली, कारण त्या दिवशी बालगृहाच्या मुली होत्या. आमच्या संघटनेचं डोकं फिरलं, आणि फिरायलाच हवं होतं. आम्ही मागण्या लिहिल्या: ताई रोज हव्यात, डोंगरपट्ट्यात फिरतं पथक हवं, बसभाडं हवं. सगळ्यात वर लिहिलं, 'उपचारात स्थानिकांना प्राधान्य.' ही ओळ आमच्या हातात बसलेली आहे. धरणाचं पाणी असो, टोलनाक्यावरची नोकरी असो, कारखान्याचं गेट असो, आमचा कुठलाही कागद याच ओळीनं सुरू होतो. ती लिहिताना विचार करावा लागत नाही. मी केला नाही. गावोगावच्या ग्रामसभांना त्याच ओळीच्या ठरावाचा नमुनाही मीच लिहून दिला, आणि लोकांनी भराभर हात वर केले.

कंपनीनं बाकी एकही मागणी मानली नाही. सगळ्यात वरची तेवढी आनंदानं मानली. पैसा खर्च होत नव्हता, उलट मुलं कमी होत होती. स्थानिक म्हणजे काय, तर आधार कार्डावरचा पत्ता. मीनाच्या कार्डावर त्याच घराचा पत्ता आहे ज्या घरातून तिला उचलून आणलं. आम्ही गुलाल उधळला.

मीनाला परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खाला माझ्या दारात. बुरख्याला धूळ, हातात आमचं पत्रक.

"यात आमची पोर कुठं बसती, ते दाव."

मी म्हटलं, "खाला, कंपनीनं मुद्दाम चुकीचा अर्थ काढला."

"त्यांनी काय बी काढू दे. शब्द तर तुझंच हायेत ना गं?"

मी म्हटलं, बैठकीत घेते. घेतलंही. तिथं एक कार्यकर्ता म्हणाला, जिंकलेली मागणी मागं घेतली तर आहुप्याच्या लोकांना काय तोंड दाखवायचं? आधी कांद्याचं आंदोलन होऊ दे. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

इकडे खालानं नियम पाळून पाहिला. मीनाला तिच्या मूळ जिल्ह्यात न्यायला निघाली. स्टँडवर बस लागली, आणि पाटीवरचं गावाचं नाव वाचून मीना मटकन खाली बसली. खांबाला मिठी मारली. कंडक्टर ओरडतोय, लोक बघतायत, कुणी म्हणतंय, 'मावशी, दोन रट्टे द्या, उठंल.' खाला तिच्याशेजारी फरशीवर बसली, बस जाईपर्यंत. त्यानंतर मीना परत कॉटखाली गेली.

मशीन तेव्हा सुरू झालं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मीनाचं थरथरणं वाढायचं. खालाच्या लक्षात आलं, की शिलाई मशीन चालू असलं की पोर जरा निवते. आता रोज शिवायला कापड कुठून आणणार? खाला दोरा न ओवता नुसतं मशीन चालवायची. तासभर. पाय दुखले की जागेवरूनच शिव्या द्यायची, मशीनला आणि आम्हाला.

आम्हाला ही गोष्ट फार आवडली. महिलादिनाला आम्ही तिचा सत्कार केला. बॅनरवर लिहिलं 'मायेचं मशीन'. ओळ माझीच. शाल, श्रीफळ, फोटो. खालानं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "मला शाल नगं. मशीन काय डॉक्टर न्हाई. मला त्यातलं काय कळत बी नाय. पोरीची ताई परत आना." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... जोरात.

पुढं बालगृहानं अर्ज केला तेव्हा कंपनीनं उत्तर दिलं, की सदर मुलीस संस्थेत उत्तम भावनिक आधार उपलब्ध आहे. सोबत पुरावा म्हणून आमच्या सत्काराचं कात्रण.

एवढं सगळं ठाऊक असून शोकसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "खालाची माया हेच औषध होतं." बोलायला उभी राहिले की असली वाक्यं माझ्या तोंडातून आपोआप येतात. समोर बालगृहाच्या मुली बसल्या होत्या. एकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी भाषण तिथंच संपवून खाली बसले.

परवा बालगृहात गेले. संध्याकाळ होती. खालाच्या खोलीत तिचा पानाचा डबा अजून खिडकीत आहे. मशीनवर मीना बसलेली. पायडल चालू. सुईखाली खालाची जुनी ओढणी, दोरा नाही. अधीक्षिका बाई समाधानानं म्हणाल्या, "बघा, शांत असते आता. खालाची जागा घेतली पोरीनं." मीनानं ओढणी पुढं सरकवली तेव्हा ती उजेडात आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं. सरळ, जवळजवळ, रांगांवर रांगा. इतकी टीप घातलेली आणि शिवलं काहीच गेलेलं नाही.

मी म्हटलं, "मीना, दोरा देऊ का?" तिनं नको म्हणून मान हलवली. मशीन थांबवलं नाही.

संघटनेनं ती मागणी गेल्या आठवड्यात लेखी मागं घेतली. कंपनी म्हणते, तुमच्या पत्राला अर्थ नाही, ग्रामसभांचे ठराव अजून उभे आहेत. बरोबर आहे. ते ठराव मी लिहिले, पण हात तुम्ही वर केलेत. जुन्नर-आंबेगावात हे वाचत असाल तर खालासाठी हळहळू नका, तिला ते आवडायचं नाही. तुमच्या गावच्या येत्या ग्रामसभेला जा. हा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि रद्द करा. त्या जागी एवढंच लिहा: मूल आज जिथं झोपतं, तिथलंच ते, आणि त्याचा उपचार तिथंच होईल. आहुप्याच्या मुलाचाही, मीनाचाही. दोघांना पुरतील एवढ्या ताई द्या, हेही लिहा.

'यात आमची पोर कुठं बसती,' हे मागच्या वेळी हात वर करताना तुम्ही विचारलं नव्हतं. या वेळी विचारा, आणि मग वर करा.