भंगाराच्या काट्यावर वहिनी

वजन कमी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या ऑफिसात दर जानेवारीत निम्मा स्टाफ वजन कमी करत असतो आणि होळीच्या पुरणपोळीपर्यंत ते व्याजासकट परत आलेलं असतं. पण आपल्या वजनाला दम देऊन, त्याच्याशी भांडण काढून, त्याला घराबाहेर हाकलणारं माणूस अख्ख्या मुंबईत एकच झालं, आणि ती माझी वहिनी. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी घोडपदेवच्या चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत आरशासमोर उभी राहून ती स्वतःच्या दंडाला चिमटा काढायची आणि म्हणायची, "बस झालं आता. फुकट राहिलास इतकी वर्षं. खोली खाली कर." एकदा दाराशी दूधवाला उभा होता. त्याला वाटलं, पोटभाडेकरूशी काही बिनसलंय. तो बिचारा दूध ठेवून हळूच निघून गेला.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो आणि ती काडीसारखी होती, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आई आमची लवकर गेली. बाबा गिरणीत, दादा नुकताच लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलेला, गावाहून कामाच्या शोधात आलेली दोनतीन माणसं कायम मुक्कामाला. ही मालवणकडची पोर या सगळ्यांना वाढायची आणि शेवटी जेवायला बसायची. अन्न टाकायचं नाही हा तिच्या आईने घालून दिलेला नियम. मग टोपाला लागलेला भात, कुणी अर्धी टाकलेली भाकरी, माझ्या ताटातलं न आवडलेलं वांगं, सगळं ती संपवायची. भूक असो नसो. आवडीचा तळलेला बांगडा मात्र तिच्या वाट्याला क्वचित यायचा, कारण तो उरायचाच नाही. अशा रीतीने आमच्या घरातलं उरलंसुरलं खात खात वहिनी हळूहळू एवढी रुंद झाली, की चाळीच्या जिन्यात ती उतरत असली तर चढणारा माणूस खाली थांबून राही. दादाला मूलबाळ नाही. त्या दोघांचं मूल म्हणजे मीच, आणि नोकरी लागून प्रभादेवीला बिऱ्हाड केलं तरी दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असतो. त्यामुळे माझंही पोट काही कमी नाही, पण तो विषय आत्ता नको.

तर दादाच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्याला डायलिसिसला न्यायचं, मशीनवर झोपवायचं आणि संध्याकाळी पिळलेल्या फडक्यासारखा परत आणायचा, असं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बघा, फार उशीर करू नका. मी लगेच पुढे झालो, तर माझी शुगर आडवी आली. मला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मग वहिनी गेली. तिचं सगळं जुळलं, रक्त जुळलं, तपासण्या जुळल्या. वजनापाशी गाडी अडली. "या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच जिवाला धोका आहे. उतरवा, मग या." वहिनीने विचारलं, "किती उतरवू?" डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो ऐकून मी खाली बसलो. वहिनी म्हणाली, "बरं," आणि पिशवी उचलून चालायला लागली.

हॉस्पिटलातल्या डाएटवाल्या मुलीची मला अजून दया येते. कोवळी पोर, चष्मा, हातात छापील कागद. ती म्हणाली, "काकू, दुपारी दोन चपात्या." वहिनी गेली तीस-पस्तीस वर्षं भायखळ्याच्या मासळी बाजारात घासाघीस करत उभी राहिलेली बाई. ती म्हणाली, "चार." मुलगी म्हणाली, "काकू, असं नसतं." "बरं, तीन लाव. तुझं पण नको, माझं पण नको." मुलगी काही तीनवर येईना. वहिनी चक्क उठून दारापर्यंत गेली, आता ही मागून हाक मारेल या हिशेबाने. हाक आली नाही, तेव्हा परत येऊन बसली आणि म्हणाली, "दोन तर दोन. वरून थोडी कोशिंबीर तरी घाल." कोशिंबीर हवी तेवढी खा, असं ऐकल्यावर तिला सौदा बरा झाल्याचं समाधान मिळालं. मग नारळाचा विषय निघाला. मालवणी बाईला नारळ सोड म्हणणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कोण सांगणार?  घरी आल्यावर वहिनीने खोबरं खवायची विळी धुतली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकून दिली. त्या दिवशीची बिनखोबऱ्याची आमटी दादाने आणि मी मान खाली घालून संपवली.

स्वतःच्या घरातलं तोंड बंद करणं सोपं होतं हो. पण चाळीत वाट्या येतात. कुणाकडे माशाचं तिखलं केलं, एक वाटी वहिनीला. कुणाकडे खीर, एक वाटी वहिनीला. नाही म्हणायची सोय नाही, समोरची बाई महिनाभर तोंड फिरवेल. वहिनीने नाही म्हटलंच नाही. वाटी घ्यायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटून वास घ्यायची, "मीठ जरा कमी पडलंय गो" असा निकाल द्यायची आणि दार लागलं की ती वाटी पुढच्या खोलीत पोचती करायची. पुढच्या खोलीलाही वाटे, वहिनीकडून आली. असं होत होत टोकाच्या खोलीतली शेवयांची खीर मजलाभर फिरून संध्याकाळी टोकाच्याच खोलीत परत गेली, आणि त्या बाईने ती चाखून कुणीतरी आपल्यापेक्षा चांगली खीर करतं म्हणून दोन दिवस धुसफूस केली. शिवाय वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून वहिनी प्रत्येक वाटीत काकडीच्या चकत्या भरून पाठवायची. महिन्याभरात सगळा मजला काकडी खायला लागला. एका काकांनी मला जिन्यात अडवून विचारलं, "काय रे, तुझ्या वहिनीचं डाएट संपणार कधी? आमच्या घरी कोणाला जेवणच मिळत नाही."

चालायचं होतंच. रस्त्यावर चालायची तिला लाज, म्हणून सुरुवात गॅलरीतून झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायात तिच्या पुतण्याचे म्हणजे माझ्या पोराचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट आणि वर पाचवारी साडी. अडचण एवढीच, की गॅलरीला दारं होती आणि प्रत्येक दारात कुणीतरी बोलायला होतं. वहिनी चालायला म्हणून निघे आणि दुसऱ्याच दाराशी गजालीला उभी राही. यावर तिने स्वतःच उपाय शोधला. निघताना तोंडात पाण्याचा मोठा घोट धरायचा आणि फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत गिळायचा नाही. गाल फुगवून, हात हलवत ती झपझप जायची. चाळीतली माणसं कसली ऐकतात? मुद्दाम दारात उभं राहून विचारायची, "वहिनी, काल रात्री भांडण कोणाकडे झालं?" "वहिनी, त्या पोरीचं जमलं का?" वहिनीचे डोळे वटारलेले, पण तोंड घट्ट. फेऱ्या संपल्या की मोरीत चूळ टाकायची आणि गॅलरीत येऊन सगळ्या प्रश्नांची ओळीने उत्तरं द्यायची. भांडणाचं उत्तर ऐकायला तर खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा वर यायची.

मी तिला वजनाचं नवीन यंत्र आणून दिलं होतं, काचेचं, आकडे लाल दिव्यात दाखवणारं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काचेवर उभी राहू? वेडा की काय?" ते आजतागायत शेंगदाण्यांच्या डब्याखाली आहे. तिने शोधला तो आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या भंगारवाल्याचा लोखंडी काटा. "त्याच्यावर फ्रिज चढतात, माझं काय होणार आहे?" दर रविवारी सकाळी आमची वरात तिकडे. वहिनी बांगड्या, चष्मा, किल्ल्या काढून माझ्या हातात देई, बूट बाजूला ठेवी, देवाचं नाव घेई आणि काट्यावर चढे. भंगारवाला आकडा बघून ओरडे, "चाची, इस हफ्ते भी कम!" आणि आसपासची पोरंटोरं टाळ्या वाजवत. वजन उतरतच होतं. एवढं झरझर, की डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ठरल्या तारखेच्या आधीच आला. त्या दिवशी वहिनीने गल्लीत साखर वाटली. स्वतः दाणा तोंडात टाकला नाही.

तारखेला आम्ही तिघे हॉस्पिटलात गेलो. वहिनी नव्या साडीत. नर्सने तिला वजनावर उभं केलं, आकडा बघितला, तिला उतरवून पुन्हा उभं केलं. मग डॉक्टर आले. वजन उतरलं होतं, पण भंगारवाला म्हणत होता त्याच्या जवळपासही नव्हतं. आणि एकदम माझ्या डोक्यात लखलखीत उजेड पडला. हाच तो काटा! गेली कित्येक वर्षं घोडपदेवमधली प्रत्येक बाई रद्दी विकताना ज्याच्यावर मरतुकडा आकडा बघून भांडते, तो. माल घेताना कमी दाखवणं हाच त्या काट्याचा धंदा. सगळ्यात मोठ्या आवाजात भांडायची ती आमचीच वहिनी, आणि स्वतः त्याच्यावर चढताना तिला हे सुचलं नाही, किल्ल्या धरून उभ्या असलेल्या मलाही सुचलं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं.  परळच्या पुलावर दादा टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "राहू दे गं आता. मशीनवर बरा आहे मी." तो बरा नव्हता. त्याचे पाय सुजलेले होते आणि आवाज खोल गेला होता. वहिनी म्हणाली, "तुम्ही गप बसा," आणि पदराने तोंड पुसलं. ती रडलेली मी आयुष्यात तेवढी एकदा पाहिली.

घरी न जाता ती थेट भंगारवाल्याकडे उतरली. मला वाटलं, आज याचं दुकान उलटंपालटं होणार. पण तिने आवाज चढवला नाही. रागात ती मालवणीवर येते, तशी आली. "तुझो काटो खोटो आसा, ह्या अख्ख्या गल्लीक माहीत आसा. माका पण माहीत होतां. रद्दीत फसवलंस, फसव. पण ह्या काट्यावर माझो घोव आसा रे मेल्या." घोव म्हणजे नवरा, हे भंगारवाल्याला कळलं की नाही ठाऊक नाही. त्याने मागे उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग तो काट्याखाली वाकला, हात घालून कसलासा लोखंडी तुकडा काढला आणि गटारात फेकला. "अब चढो, चाची," तो म्हणाला. वहिनी चढली. आकडा हॉस्पिटलचाच आला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. तेव्हापासून मात्र घोडपदेवमध्ये रद्दीला खरं वजन मिळतं, आणि हे कोणामुळे, ते नवीन राहायला आलेल्यांना माहीतही नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात करणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. मी तर पहिल्याच धक्क्याला आडवा झालो असतो. वहिनी दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरी सोडून रस्त्यावर उतरली, तेच बूट, तीच साडी, तोंडात तोच घोट. लाजायला वेळ कोणाला होता? जिना मुद्दाम परत परत चढायची. चाळीने वाट्या पाठवणं आपण होऊन बंद केलं, उलट ज्या दिवशी कोणाकडे मासे तळायचे असतील त्या दिवशी ती बाई वहिनीच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. भंगारवाला रविवारी काटा ओल्या फडक्याने पुसून ठेवायचा. आकडा यायला वेळ लागला, पण आला तो खरा आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "ह्यांना लागली का?" नर्सला वाटलं, भूक लागली का म्हणून विचारतेय. मी सांगितलं, "लागली वहिनी, लागली. चालायला लागली." मग ती झोपली.

आता दादाचा चेहरा औषधांनी गोल झालाय आणि भूक अशी सुटलीय, की वहिनी म्हणते, "माझं वजन कुठे गेलं नाही, ह्यांच्याकडे राहायला गेलं." डॉक्टर त्याला ओरडतात, ती डॉक्टरांपेक्षा जास्त ओरडते. ती स्वतः मात्र एवढीशी झालीय. मला तापात मांडीवर घेऊन बसायची ती ऐसपैस वहिनी कुठे शोधायची, असं कधी कधी वाटतं. वाढताना तिचं मनगट दिसतं आणि मला उगाच भरून येतं.

गेल्या रविवारी जेवणं झाली, तव्यावर बांगड्याची एक तुकडी उरली. पूर्वी ती उरलीच नसती, आणि उरली तर न बोलता वहिनीच्या ताटात गेली असती. दादाने हात पुढे केला, वहिनीने त्याला अर्धी दिली आणि अर्धी, चक्क गरम गरम, स्वतः खाल्ली. चवीने खाल्ली. मग हात धुतले आणि माझ्याकडे वळली. "चल, उठ. काट्यावर चढ."

"मला काय झालंय वहिनी?"

"शुगर झालीय. पोट बघ. ह्यांचं असंच सुरू झालं होतं."

"बघू गं पुढच्या महिन्यापासून," मी म्हणालो. नेहमीसारखंच म्हणालो.

ती हसली नाही. पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन होत्या, एक ह्यांना दिली, बाबू. उरलेली एक मला लागते. तुझं काही झालं, तर तुला काय देऊ रे मी?"

 आम्ही खाली उतरलो. भंगारवाल्याने काटा पुसला. मी घड्याळ काढलं, चष्मा काढला, पाकीट काढलं, आणि सगळं वहिनीच्या हातात दिलं.