कालव्यापलीकडे सोडलेलं मुंगूस

पलसाण्याजवळच्या एका शेठच्या फार्महाऊसवर माझे वडील रखवालदार आहेत. आम्ही तिथेच मागच्या खोलीत राहतो. गेल्या हिवाळ्यात एका मुंगसाने शेठच्या नातवंडांची दोन बदकं मारली. शेठ वडिलांना गुजरातीत एवढंच म्हणाले, "नोळियानुं कंईक करो, भाई," म्हणजे मुंगसाचं काहीतरी करा. त्या दिवशी वडील नीट जेवले नाहीत. नोकरीबरोबर खोलीही जाते, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

आई म्हणाली, "मुंगूस मारू नये, पाप लागतं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून असल्या वेळी सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, "मारायचं कशाला? पकडून लांब सोडू."

वडिलांनी पिंजरा आणला, आत बोंबलाचा तुकडा टांगला. दुसऱ्याच सकाळी मुंगूस सापडलं. मी पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, पिंजरा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि कालव्याचा पूल ओलांडून पडीक जमिनीत दार उघडलं. ते गवतात दिसेनासं झालं. मला फार बरं वाटलं. कॉलेजातल्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी ते वर्गापुढे बोलायला लावलं. "रिकाम्या जागेत सोडलं," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

जागा रिकामी नव्हती. जवळच ऊसतोडीला आलेल्यांच्या झोपड्या होत्या. चुलीचा धूर मी पाहिला होता. तरीही तिथे कुणी राहतं, हे माझ्या मनात आलंच नाही. हे लिहायलाही मला जड जातंय.

आठवड्याने त्या झोपड्यांतली एक मावशी आली. ती आमच्याच धुळ्याकडची. पाणी भरायला आली की आईशी अहिराणीत बोलत बसायची.

"व माय, तिन्ही कोंबड्या खाई टाक्यात मुंगूसनी," ती आईला म्हणाली. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती, अंडी तिच्यासाठीच होती. "मेलाले बाळंतीणनंच जेवण आवडनं!" असं म्हणून हसली. मग विचारलं, "तुमनाकडे पिंजरा शे ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पिंजरा आणून दिला.

"सापडनं तर कोठे सोडू, पोरी? तू शिकेल शे."

मीच सोडलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. "सोडू नका, मावशी. मला हाक मारा, मी लांब नेईन."

"देख बहीण," ती आईला म्हणाली, "शिकेल पोरनं मन मोठं रहास."

ती गेल्यावर आई म्हणाली, "सांगायचं होतंस."

"हो."

"मग?"



दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी डझनभर अंडी घेतली आणि झोपडीवर गेले. मावशी फडात गेली होती. सून बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. "कोणी दिलीत?" तिने विचारलं.

"आईने," मी म्हणाले.

तिने गोधडीचं टोक सरकवून जागा केली. "बस ना, ताई."

मी उशीर होतोय म्हणाले आणि सायकल वळवली. पुलापर्यंत मला मागे बघवलं नाही.